रिपोर्टवर 'सापडला नाही': टीएलडी गोळीबद्दल एका द्राक्ष बागायतदाराचा अभिप्राय

नाव लिहिणार नाही, ते आधीच सांगतो. दिंडोरी तालुक्यात साडेतीन एकर थॉमसनची बाग, वय बावन्न, आणि २००९ पासून एचआयव्हीची औषधं चालू. एवढी ओळख पुरे. कुठलं बुरशीनाशक चाललं, कुणाचं पाण्यात गेलं, यावर मी आजवर ढिगानं मतं दिलीत. ज्या औषधावर स्वतः उभा आहे त्याच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही, हे परवा नाशिकहून येताना एसटीत डोक्यात आलं. म्हणून हे.

गोळीचं नाव टीएलडी. टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोलुटेग्राव्हिर ५०, तिन्ही औषधं एकाच गोळीत. दिवसातून एकदा, जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर. आमच्याकडे येते ती पांढरी, लांबट, गिळताना घसा जरा मागे सरतो एवढी मोठी. सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राला, फुकट मिळते. बाटली प्लॅस्टिकची, आणि पिशवीत खुळखुळ्यासारखी वाजते. गोळी बनवणाऱ्यांनी एवढा विचार केला, पण एसटीत शेजारी बसलेला माणूस 'काय वाजतंय हो' म्हणून विचारतो याचा केला नाही. मी झाकणाखाली कापूस कोंबतो. आतली ओलावा शोषणारी पुडी मात्र काढत नाही, आणि गोळ्या दुसऱ्या डबीत ओतत नाही.

ही गोळी किती चांगली आहे ते तिच्या आधीच्या गोळ्या खाल्लेल्यालाच कळतं. मी तिन्ही पिढ्या खाल्ल्या.

२००९ ला माझा सीडी४ आकडा, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींची मोजणी, १८६ निघाला, फारच कमी. तेव्हा स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापीन असा संच होता, सकाळ-संध्याकाळ. नेव्हिरापीन पहिले चौदा दिवस निम्म्यानं द्यायचे, कारण अंगावर पुरळ उठून कुणाकुणाला ते भयंकर वाढतं. मला पुरळ आलं नाही. पण दीडेक वर्षात स्टॅव्हुडिननं चेहऱ्यावरची चरबी खाल्ली. गालफडं बसली, तळपायांना मुंग्या लागल्या त्या आजतागायत पूर्ण गेल्या नाहीत. गालाचं दुःख असं की त्या काळात लोकांना तो चेहरा ओळखू यायला लागला होता. बाजार समितीत एकानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गालांकडे बघितलं, आणि मग हिशेब नको तेवढा झटपट उरकला. औषध जीव वाचवत होतं आणि चहाडीही करत होतं.

मग २०१३ च्या सुमारास टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, एफाव्हिरेंझ अशी एकच गोळी आली, रात्री झोपताना. गालांचं खच्चीकरण थांबलं. पण एफाव्हिरेंझ डोक्यात चढतं. गोळी घेतल्यावर दोन-तीन तास जमीन बोटीसारखी हलते, आणि स्वप्नं अशी पडतात की सकाळी उठल्यावर खरं काय ते तपासावं लागतं. मला आठवड्यातून दोनदा गारपीट पडायची. काढणीला आलेली बाग, वरून गारा, आणि मी मंडपाखाली उभा. घामानं ओला होऊन उठायचो, बाहेर जाऊन आभाळ बघायचो. आता शेतीची लाईट रात्रीची. पाणी द्यायला उठायचंच, आणि गोळी रात्रीचीच. एकदा सऱ्यांमधून चालताना सरळ तारेवर जाऊन पडलो, कपाळाला तीन टाके. घरी सांगितलं, बॅटरी विझली. बॅटरी चांगली पेटत होती.

२०२१ ला सेंटरनं टीएलडीवर आणलं. पहिला आठवडा झोप उडाली. काउन्सेलर ताई म्हणाल्या, "काका, रात्रीची सोडा, सकाळी चहासोबत घ्या." सकाळची केली आणि झोप आली. गारपीट थांबली. म्हणजे स्वप्नातली. खरी तिच्या मनाला येईल तेव्हा पडतेच.

तक्रार एकच, वजन वाढलं. ६४ चा ७१ झालो. डोलुटेग्राव्हिरनं काहींचं वाढतं असं सेंटरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मिसेस म्हणते, गोळीचं नाव कशाला घेता, पुरणपोळीचं घ्या. गालफडं भरून आली याचा मला इतका आनंद आहे की पोटाबद्दल काही बोलत नाही.

आता ही गोळी आत काय करते ते मला जसं समजलं तसं सांगतो. प्रत्येक गोष्टीत द्राक्ष आणतो म्हणून घरी शिव्या खातो, पण मला दुसऱ्या भाषेत कळत नाही.

हा विषाणू रक्तातल्या सीडी४ पेशीत शिरतो. त्याचा मसुदा आरएनएचा, पेशीचा डीएनएचा. म्हणून आधी तो आपला मसुदा डीएनएत उतरवून घेतो. ते काम करणाऱ्या विकराचे हात टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन बांधतात. उतरवलेला डीएनए मग पेशीच्या डीएनएत घुसवायचा असतो. हे अगदी डॉगरीजच्या खुंटावर कलम भरावं तसं. खुंट पेशीचा, काडी विषाणूची, आणि एकदा कलम धरलं की मुळं आपली आणि माल त्याचा. डोलुटेग्राव्हिर नेमकं इथं आडवं येतं, काडी धरूच देत नाही. जी कलमं आधीच धरलीत ती मात्र गोळीला उपटता येत नाहीत. त्यातल्या काही पेशी वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात आणि औषध थांबलं की फुटतात. म्हणून गोळी जन्मभर. 'कोर्स कधी संपतो' हा प्रश्न नवीन आलेला प्रत्येकजण विचारतो, मीही विचारला होता.

आणि तीन औषधं का, एक का नाही? हे कुठल्याही बागायतदाराला सांगायची गरज पडू नये. भुरीवर एकच औषध चार वेळा मारा आणि पाचव्यांदा बघा. विषाणू तर आपली नक्कल काढताना सारखा चुकतो, आणि त्या चुकांमधूनच एखादी औषधाला न जुमानणारी जात तयार होते. तिन्ही औषधांना एकाच वेळी चकवेल अशी चूक होणं अवघड. जुन्या नेव्हिरापीन-एफाव्हिरेंझला तर विषाणू एका बदलात हुलकावणी द्यायचा. डोलुटेग्राव्हिरला चकवणं त्याला तेवढं सोपं जात नाही. पण गोळ्या मधूनमधून खाल्ल्या तर आपणच त्याला शिकवणी लावतो, कमी मात्रेचा फवारा मारल्यासारखी.

हे मी शहाणपणानं लिहितोय, पण २०११ ला मी स्वतः पाच आठवडे औषध बंद केलं होतं. एका वैद्यानं काढा दिला होता. बारा हजार रुपये, तीन महिन्यांत रिपोर्ट निगेटिव्ह, आणि अट अशी की 'इंग्रजी गोळ्या' बंद ठेवायच्या. गाल बसलेले, पायात मुंग्या, माणूस कशालाही भुलतो. पाचव्या आठवड्यात तोंडात पांढरा थर धरला, घास गिळेना. सीडी४ १२१. सेंटरला गेलो तेव्हा वाटलं हाकलून देतील. तेव्हाच्या डॉक्टरांनी फक्त विचारलं, "काढा होता की बाबा?" म्हणजे रांगेत मी काही पहिला नव्हतो. तसं आंतरराष्ट्रीय पातळीवर हे आधीच तपासून झालेलं होतं. औषधं मधे थांबवून बघण्याचा एक मोठा अभ्यास २००६ मध्ये अर्ध्यात थांबवला, कारण थांबवणाऱ्यांमध्ये आजार आणि मृत्यू जास्त निघाले. मी बारा हजार घालून तेच शोधून काढलं.

फुकट मिळतं म्हणून किंमत नाही असं समजू नका. १९९६ च्या आसपास तीन औषधांचा एकत्र उपचार निघाला, तेव्हा परदेशात त्याला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर लागायचे. २००१ मध्ये आपल्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तेच वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली, म्हणजे दिवसाला एक डॉलरच्या आत, आणि सगळ्या जगाचा भाव खाली आला. आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. माझ्या ओळखीचा एक ट्रकवाला त्याच्या आधी दोन वर्षं गेला. त्याच्या भावानं तेव्हा बैल विकून तीन महिन्यांचं औषध आणलं होतं. चौथ्या महिन्याचं आणता आलं नाही.

आता रिपोर्ट. माझ्या मते या सगळ्या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट व्हायरल लोडची तपासणी आहे. पूर्वी सीडी४ वरून अंदाज बांधायचे, म्हणजे पानं पिवळी पडल्यावर मुळाचा रोग ओळखायचा. व्हायरल लोड सरळ सांगतो की एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती आहेत. औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी, आणि सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा.

माझ्या रिपोर्टवर लिहून येतं, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. आमच्याकडे निर्यातीच्या द्राक्षाचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे औषधांच्या अंशांचा, येतो तसाच हा. २०१० ला सीसीसी या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अंशामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, तेव्हापासून रिपोर्ट कसा वाचायचा हे नाशिक जिल्ह्यातल्या पोरासोरांना कळतं. 'सापडला नाही' म्हणजे यंत्राला मोजता येईल एवढा नाही. मुळीच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. सापडला नाही हे वाचून गोळी सोडणारे लोक मी पाहिलेत. ते म्हणजे रिपोर्ट चांगला आला म्हणून पुढच्या हंगामात फवारणीच न करण्यासारखं.

पण त्या तीन शब्दांचा दुसरा अर्थ मला २०२२ मध्ये कळला, आणि तो कुणीतरी आधी सांगायला हवा होता. मिसेस निगेटिव्ह आहे. २००९ पासून दरवर्षी तिची तपासणी, दरवर्षी रिपोर्ट येईपर्यंत मी जेवत नसे. त्या वर्षी ताईंनी दोघांना बसवलं आणि सांगितलं, ज्याचा विषाणू औषधानं 'सापडत नाही' झाला आणि तसाच राहिला, त्याच्याकडून शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपात शेकडो जोडप्यांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला, एक जोडीदार पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह, निरोध न वापरणारी जोडपी. पॉझिटिव्ह जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. मिसेसनं विचारलं, "म्हणजे मला धोका नाही ना?" ताई म्हणाल्या, "काकू, काकांची गोळी चुकत नाही तोवर त्या वाटेनं नाही. सुई आणि रक्ताची गोष्ट वेगळी, तिथली काळजी तशीच घ्यायची."

निमाणीवरून गाडी सुटली तरी ती काही बोलली नाही. म्हसरूळ मागे पडल्यावर एवढंच म्हणाली, "तेरा वर्षं." त्यावर काय बोलणार. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

सेंटरचं सांगतो. नाशिकमधलं कुठलं ते लिहीत नाही, कारण चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय. माणसं चांगली. ताईंना माझी छाटणी, माझी काढणी, पोराची परीक्षा सगळं पाठ. माझ्या उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक उघडायच्या आधी "बाग कशीय" विचारतात. उरलेल्या गोळ्या मोजतात, आणि दोन जास्त निघाल्या तर ओरडत नाहीत, कुठल्या दिवशी चुकल्या ते आपल्याकडूनच काढून घेतात. पूर्वी दर महिन्याला यावं लागायचं, आता माझ्यासारख्या स्थिर माणसाला तीन महिन्यांचं एकदम देतात. दिंडोरीहून येणाऱ्याला याचं मोल विचारा. एका फेरीत दिवसाचा रोज बुडतो.

वाईट म्हणजे बसायची जागा. व्हरांड्यात दोन बाकडी आणि माणसं चाळीस, आणि समोरून अख्ख्या दवाखान्याची ये-जा. एकदा व्हायरल लोडचा नमुनाच कुठेतरी हरवला, सहा आठवड्यांनी 'पुन्हा रक्त द्या' म्हणाले. एकदा साठा कमी म्हणून दहा दिवसांच्याच गोळ्या दिल्या, ऐन काढणीत दोन फेऱ्या जास्त. त्या दहा दिवसांत मला पुन्हा गारपिटीचं स्वप्न पडलं आणि या खेपेला दोष एफाव्हिरेंझचा नव्हता.

त्याच व्हरांड्यात २०१४ ला आमच्याच गावचा एक माणूस दिसला. तो मला बघून थबकला, मी त्याला बघून. त्यानं विचारलं, "डोळ्याचा विभाग कुठंय हो?" मी म्हणालो, "मीही तोच शोधतोय." दोघंही एकेका जिन्यानं खाली उतरलो आणि अर्ध्या तासानं दोघंही परत वर. त्यानंतर आम्ही एकाच दिवशी तारीख घेतो. येताना शालिमारजवळ चहा. गावात कुणी विचारलं तर आम्ही डोळे दाखवायला जातो. आमच्याइतके डोळे तपासणारे लोक अख्ख्या तालुक्यात नसतील.

हर्नियाच्या ऑपरेशनला मी एका खासगी दवाखान्यात गेलो होतो. खरं सांगितलं, तर फाईलवर लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि फाईल पलंगाच्या पायथ्याला टांगली. नंबर शेवटचा, वर 'वेगळ्या किट'चे पैसे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात उपचारात भेदभाव करायला आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला मनाई आहे. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. आता त्याची छापील प्रत हिरव्या पुस्तकात घडी करून ठेवलीय.

पण लपवण्याचाही तोटा होतो, तोही माझ्याच पदरी. साखर निघाल्यावर गंगापूर रोडच्या डॉक्टरांना मी टीएलडीचं बोललोच नाही. त्यांनी मेटफॉर्मिन वाढवत नेलं. डोलुटेग्राव्हिरमुळे रक्तात मेटफॉर्मिन वाढतं, म्हणून दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं असतं. मी २००० वर होतो आणि जुलाब का लागलेत म्हणून मिसळीला दोष देत होतो. मिसळीचाही एक धडा आहे. रविवारी मिसळ, मग जळजळ, मग ते पांढरं पातळ अॅसिडिटीचं औषध, आणि त्याच घोटासोबत टीएलडी. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं असलं औषध डोलुटेग्राव्हिरला पोटातच धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊ देत नाही. गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांनाही तेच, पण त्या जेवताना टीएलडीबरोबर घेतल्या तर चालतात. कंबरेसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक या दुखणं थांबवणाऱ्या गोळीवरून तर मॅडमनी चांगलंच झापलं, टेनोफोव्हिर आधीच किडनीवर नजर ठेवायला लावतं आणि त्यात ही भर. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन १.२ आल्यावर मी घाबरलो होतो. डोलुटेग्राव्हिरनं तो आकडा किडनी न बिघडताही थोडा वर दिसतो, तरी तपासणी चुकवायची नाही. आणि टीबी झाला, रिफाम्पिसिन सुरू झालं, तर बारा तासांनी डोलुटेग्राव्हिरचा आणखी एक डोस लागतो. हे माझ्या चहाच्या सोबत्याचं चालू होतं, म्हणून माहीत.

नुकताच रिपोर्ट हातात पडलेला कुणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी. आता सीडी४ खाली जायची वाट बघत नाहीत. २०१७ पासून नियम आहे, पॉझिटिव्ह निघाला की उपचार. माझ्यासारखं १८६ ला पोचायचं कारण नाही. १०९७ वर फोन फुकट आहे, नाव विचारत नाहीत. पहिल्या दिवशी सगळे 'कुठून आला' हेच उगाळत बसतात. मीही सहा महिने बसलो होतो, आणि त्या सहा महिन्यांत बागेची खरड छाटणीसुद्धा उशिरा झाली.

गोळीला पाचपैकी पाच. माणसांनाही पाच देतो. बाकड्यांना एक, तोही भिंतीला टेकता येतं म्हणून.

परवा तीन बाटल्या घेतल्या, कापूस भरला. पुढची तारीख ऑक्टोबर छाटणीच्या ऐन धांदलीत येत होती, मजूर एकदा हातचे गेले की आठवडा मिळत नाहीत. ताईंना म्हणालो, चार दिवस अलीकडची द्या. त्यांनी हिरव्या पुस्तकावर खोडून नवी लिहिली आणि विचारलं, "सोबत्यांची पण तीच करू ना? डोळेवाल्यांची?"